खिडकीजवळची जागा

डोंगर चढणाऱ्या लाल आगगाडीत पाय ठेवताच पंचफुलाबाईंनी पिशवीतला पांढरा दुपट्टा काढला, खिडकीजवळच्या जागेवर टाकला आणि स्वतः तिच्याशेजारी बसल्या. खांद्यावरचा हा दुपट्टा इंद्रभानचा, त्यांच्या नवऱ्याचा.

समोर बसलेल्या हरीओमने, त्यांच्या मुलाने, ते पाहिलं. स्वित्झर्लंडात नोकरी लागल्यापासून त्याने आईबाबांमागे टुमणं लावलं होतं, एकदा या म्हणून. दोघांची तिकिटं निघाली, आणि दिवाळीत इंद्रभान गावी, अनसिंगला, तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसल्याजागी गेले. तेरवी उरकून तो आईला एकटीलाच घेऊन आला. नवरा गेल्यापासून पंचफुलाबाई रडल्या नव्हत्या. रडू येतच नव्हतं. दात काढल्यावर हिरडी होते तसं आत सगळं बधिर होतं.

मंगरूळपीरच्या स्टँडवर एसटी लागली की इंद्रभान धावत जाऊन खिडकीतून हाच दुपट्टा आत टाकत. जागा बायकोला, स्वतः उभे. चाळीस वर्षांत एक गोड शब्द बोलले नसतील, पण तिची जागा कधी चुकवली नाही.

डबा भरला. स्की घेतलेली माणसं जड बुटांत अवघडून उभी होती. एकाने दुपट्ट्याकडे बोट दाखवून काही विचारलं.

"मानूस येऊन राह्यला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

तो मान हलवून सरकला. दुसऱ्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

"माय, रुळाच्या मधात दाते हायेत," हरीओम म्हणाला. "दातेरी चाक त्यात अडकते. म्हून गाडी घसरत नाई."

चढावर गाडी घसरत कशी नाही, हे इंद्रभान दर फोनला विचारत.

"बरं," त्या म्हणाल्या. बाहेर बर्फच बर्फ होता. त्यांना काहीच वाटलं नाही.

मधल्या स्टेशनावर त्यांच्याच वयाची एक बाई चढली. एका हातात स्की, दुसरा गुडघ्यावर. तिने दुपट्टा पाहिला आणि काही न विचारता दांडा धरून उभी राहिली. पुढच्या वळणावर तिचा तोल गेला.

पंचफुलाबाईंनी तिचा दंड धरला. मग दुपट्टा उचलून मांडीवर घेतला.

"बस वो बाई."

ती बसेना. कुणी येतंय का म्हणून दाराकडे पाहू लागली.

"बस. आता नाई येत मानूस."

बाईला शब्द कळले नाहीत, पण ती बसली. हरीओमने मान खाली घातली. गाडी चढत राहिली, आणि पंचफुलाबाईंनी दुपट्ट्यात तोंड लपवलं.