दादांची उडी

कमांडो तुकडीत ढाल धरून सगळ्यांत पुढे घुसायचं काम दादांचं. पण सरावाला निघण्याआधी प्रत्येकानं सगळं सामान अंगावर चढवून एक उडी मारायची आणि काही म्हणजे काही वाजता कामा नये, असा तिथला कायदा. दादांनी उडी मारली. कट्ट!

"कोण वाजलं रे?" उस्ताद गुरगुरले.

पोरांनी दादांची मॅगझिनं चाचपली, बंदुकीच्या पट्ट्याच्या कड्यांना चिकटपट्टी गुंडाळली, हेल्मेटचा बंद आवळला. पुन्हा उडी, पुन्हा कट्ट! शेवटी एकानं खाली वाकून कान लावला आणि खो खो हसत सुटला.

"उस्ताद, यांचा गुडघा वाजतोय!"

दादांचं तोंड एवढंसं झालं. गेली आता पुढची जागा, मागं राहून दोर सांभाळायचा.

"दादा, गुडघ्याला पण चिकटपट्टी लावू?"

"आधी तुझ्या तोंडाला लाव."

उस्ताद म्हणाले, "ढालवाला काय उड्या मारत आत जातो? चालून दाखवा."

दादा ढाल घेऊन खोलीभर दबकत चालले. सगळ्यांनी कान टवकारले. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही.

"व्हा पुढं," उस्ताद म्हणाले. "फक्त आत गेल्यावर खाली बसू नका दादा. तुमच्या आधी गुडघाच वर्दी द्यायचा."