दोऱ्यासकट माप

औषधांच्या गोदामात आलेला माल तपासून सही करणं हे धाकटीचं काम. खोका फोडून पाहिल्याशिवाय तिने आजवर सही केलेली नाही, अशी तिची ख्याती होती. त्यामुळे ती अंगठी घ्यायला गेली तेव्हा गिऱ्हाईक साधं आहे असं समजण्यात सराफाचंच चुकलं. शिक्का कुठे मारलाय, हिऱ्याचा दाखला कोणाचा, घडणावळ कशावर लावलीत, उद्या मोडीला आणली तर किती कापणार, हे सगळं तिने एका सुरात विचारून घेतलं. शेवटी त्याने चहा मागवला, तो तिच्यासाठी नव्हता, स्वतःसाठी होता.

अंगठी आईची आठवण म्हणून घ्यायची होती. आईने आजारपणातच वाटणी सांगून ठेवली होती: बोटातली जुनी अंगठी थोरलीला, आणि धाकटीला पैसे. वर ताकीद, की एक चांगली वस्तू घे, त्यात भांडीकुंडी आणू नकोस. आई गेल्यापासून धाकटी रडली नव्हती. आल्यागेल्यांना पाणी दिलं, बँकेत खेटे घातले, आईचे कपडे घड्या करून देऊन टाकले. लोक म्हणाले, खंबीर आहे हो. तिला स्वतःला मात्र आत हात घातला की खोका रिकामाच लागत होता. नवी अंगठी बोटात चढली की निदान काहीतरी वाटेल, एवढ्या आशेवर ती दुकानात आली होती. तेवढ्या एका गोष्टीचा दाखला तिने मागितला नव्हता.

सराफाने मापाच्या कड्यांचा जुडगा पुढे केला तेव्हा तिने हात मागे घेतला. बोटं दिवसभरात फुगतात नि आक्रसतात, असं तिने वाचून ठेवलं होतं. त्यापेक्षा अंगठीवरून माप घेतलेलं बरं. तिचे हात थेट आईचे. दोघींनी आयुष्यभर एकमेकींच्या बांगड्या वापरल्या होत्या. म्हणून तिने आईच्या अंगठीच्या आतून कागदावर पेन्सिल फिरवून गोल काढून आणला होता. अंगठी एकदा आपल्याच बोटात घालून पाहावी, हे तिच्या मनातही आलं नाही. ताईच्या वाट्याची वस्तू, ती कशी घालायची?

"मॅडम, अंगठी कागदाला घालायची नाहीये," सराफ म्हणाला.

"तुम्ही याच मापाची करा."

त्याने केली. ती घ्यायच्या दिवशी थोरलीही आली होती. ती लांब राहायची. आजारपणात एकदाच येऊन गेली होती, आणि आता वाट्याची अंगठी न्यायला आली होती. दुकानातच दोन्ही कामं उरकू, असं ठरलं होतं.

नवी अंगठी सुरेख होती. दाखला, शिक्का, सगळं जागच्या जागी. फक्त ती सांध्यापाशी अडली. धाकटीने दाबून पाहिली, फिरवून पाहिली.

"साबण मागवू का?" थोरली म्हणाली. धाकटी हसली नाही.

सराफाने जुनी अंगठी मागितली. धाकटीने डबी उघडून दिली. दिव्याखाली धरून तो जरा वेळ पाहत राहिला. "हिच्यात दोरा गुंडाळलाय," तो म्हणाला.

दोरा तिनेच गुंडाळला होता. आईची बोटं बारीक होत चालली तशी अंगठी गळून चादरीत सापडायची. मग धाकटी वर आणखी एक पदर चढवायची. रोज डोळ्यांसमोर असलेला तो दोरा तिला दिसेनासाच झाला होता. माप तसं चुकलं नव्हतं. ते आईच्या शेवटच्या बोटाचं होतं.

सराफाने चिमट्याने टोक पकडून दोरा उलगडला. मळकट, वेटोळं झालेला. तो बाजूला सारून त्याने खालची कचऱ्याची टोपली पायाने ओढली.

"तो दोरा द्या," धाकटी म्हणाली.

त्याने दोरा तिच्या तळहातावर ठेवला आणि जुनी अंगठी तिच्या बोटात घातली. मोकळी झालेली ती अंगठी अलगद, मापात बसली. धाकटीने ती काढून थोरलीपुढे ठेवली. थोरलीची बोटं बाबांवर गेलेली, काड्यांसारखी. तिच्या बोटात अंगठी गरगर फिरली. लहान करून देतो, सराफ म्हणाला.

"ही तू ठेव," थोरली म्हणाली. "तुझ्याच बोटाची आहे."

"आईने तुला दिलीये, ताई."

थोरलीने अंगठीकडे पाहिलं, मग धाकटीच्या मुठीकडे. "मग मला तशीच करून दे. आईला द्यायचीस तशी."

धाकटीने अंगठी घेतली. दोरा ओठांत धरून ओलसर केला, पदराशेजारी पदर बसवला, आणि गाठ करंगळीच्या बाजूला घेतली, म्हणजे टोचत नाही. बोटांना सगळं पाठ होतं. अंगठी थोरलीच्या बोटात सरकवताना तिने सवयीने विचारलं, "घट्ट होतेय का गं?"

"नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

धाकटीने वाट पाहिली. डोळे कोरडेच राहिले. सराफाने यावेळी न विचारता तिच्या बोटात मापाचं कडं घातलं, आकडा लिहिला आणि नवी अंगठी मोठी करण्याची पावती पुढे सरकवली. ती थोरलीच्या बोटावरच्या गाठीकडे पाहत होती. पावती न वाचताच तिने सही केली.