शिंग नसलेली बास

पुन्हा परत आली. लांब्याने पेटी टेबलावर ठेवली, म्हणजे जवळजवळ टाकलीच, आणि म्हणाला की आता पुरे.

लांब्या हा ताईचा धाकटा भाऊ. दारातून वाकून आत येतो, हात कुठे ठेवावेत हे त्याला अजून कळलेलं नाही, आणि एका बँडमध्ये बास गिटार वाजवतो. ताई इलेक्ट्रिक गिटारी बनवते. पेटीतली बासही तिनेच बनवलेली. बँडच्या गायिकेला शेवटच्या रांगेतूनही ओळखू येईल असं काहीतरी हवं होतं. नेहमीच्या बासच्या अंगाला वरच्या बाजूने एक लांब शिंग फुटलेलं असतं, मानेच्या, म्हणजे तारांच्या लांब दांडीच्या, दिशेने झेपावणारं. ताईने ते काढूनच टाकलं. तिथे नुसती पोकळी. खालची बाजू भरदार, वळत वळत शेपटीकडे निमुळती. पान अर्धं किड्याने खाल्लंय असं दिसायचं, आणि दिसायचं देखणं. पॉलिश सुकत होतं तेव्हा ताई काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत जात होती.

तर परत आली. तक्रार तीच, आवाज पातळ. ड्रम वाजतो, गायिका गाते, आणि खालून जो जाडजूड आधार यायला हवा तिथे कोणीतरी पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारतंय. रविवारच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. तोवर जमलं नाही तर दुसरा बासवाला बोलावते, असं गायिकेने सांगून टाकलं होतं. रविवारपुरता की कायमचा, हे विचारायची लांब्याची हिंमत झाली नव्हती. तसं त्याने ताईला सांगितलं, आणि सांगितलं म्हणून तिच्यावरच चिडला.

ताईने स्टूल ओढलं. बास मांडीवर घेतली. वाजवली.

आवाज भरलेला. गोल. टेबलावरचे स्क्रू नाचायला लागले.

"बघ," ती म्हणाली.

"इथे वाजते गं. मला इथे वाजवायची नाहीये."

*

कारण तारा बदलून झाल्या होत्या, तारांखालचे चुंबक म्हणजे पिकअप बदलून झाले होते, आतली वायर उपसून नवी घातली होती, बँडने आपला अ‍ॅम्प बदलून पाहिला होता, लांब्याने बूट बदलून पाहिले होते (हो, बूट), आणि दर वेळी बास ताईच्या कारखान्यात आली की गुणी मुलीसारखी वाजायची आणि तिकडे गेली की पुन्हा

*

आबा म्हणत होते, लाकूड.

आबा म्हणजे दोघांचे वडील. जन्मभर खुर्च्या आणि कपाटं केली, आता कारखान्याच्या कोपऱ्यात बसून कोणी न सांगितलेल्या वस्तू घासत असतात. एवढा घास काढलास, म्हणाले, मग आवाज काय पोकळीतून येणार? ताईने त्यांना किती वेळा समजावलं होतं की इलेक्ट्रिकमध्ये आवाज तारेचा आणि चुंबकाचा, लाकडाचा वाटा चिमूटभर. आकार म्हणजे नुसते कपडे. गिऱ्हाइकांना ती हे छातीठोकपणे सांगायची. आता भांडी घासताना थांबायची. असेल का? घासभर लाकडाने एवढा फरक पडत असेल का? मग मांडीवर का पडत नाही?

मांडीवर का पडत नाही?

आबांचा एक नियम होता. आपली वस्तू एकदा दाराबाहेर गेली की तिच्यामागे जायचं नाही. कोणाच्या घरी स्वतः केलेली खुर्ची दिसली तर ते उभेच राहायचे; बसलं की खोडी कळतात म्हणे, आणि मग चहा घशाखाली उतरत नाही. ताईनेही तो नियम पाळला होता. एकाही बँडच्या तालमीला ती कधी गेली नव्हती. जे काय तपासायचं ते स्टुलावर, मांडीवर.

शुक्रवारी ती लांब्यामागोमाग निघाली. आबांनी घासणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाले की जातेस तर तोंड मिटून बस.

*

तालमीची जागा म्हणजे जुनं गोदाम. भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचा गुंता. बसायला काही नाही. ताई दाराला टेकून उभी राहिली. लांब्याने बासचा पट्टा खांद्यावर घेतला. ड्रमवाल्याने काड्या आपटल्या.

आणि ही बास तिने बनवलेली नव्हतीच.

म्हणजे होती. पण उभी. उभ्याने तिने ती कधी पाहिली नव्हती. पट्ट्याचं पुढचं टोक शिंगाच्या टोकाला अडकवतात. शिंगच नाही, म्हणून तिने ते मागे, मान जिथे अंगाला जोडलेली असते तिथे अडकवलं होतं. त्यामुळे सगळी बास लांब्याच्या डावीकडे सरकली होती आणि मान जमिनीकडे निघाली होती. ती वर धरायला डावा हात. शेपटी खाली दाबायला उजवं कोपर. आणि कोपर तिथे अडकल्यावर बोटं पोचणार कुठे? अगदी टोकाला, ब्रिजपाशी, जिथे तारा बांधलेल्या असतात आणि काठीसारख्या ताठ असतात. तिथे छेडलं तर कोणाच्याही हातून पत्र्याचाच आवाज निघेल. स्टुलावर हे सगळं वजन तिची मांडी उचलत होती. हात मोकळा राहून आपोआप तारांच्या मऊ भागावर पडत होता.

लाकूड नाही. कपडेही नाहीत. आकाराने हात हलवला होता, आणि हाताने आवाज.

ती वायरींवरून उड्या टाकत गेली आणि गाणं चालू असताना तिने लांब्याचं उजवं मनगट धरून बासच्या मानेकडे ओढलं.

गोदाम भरलं. गायिका गाता गाता वळली. पण कोपर सुटलं होतं, बासची मान खाली गेली आणि तिचं डोकं ड्रमच्या स्टँडवर आदळलं. सगळं थांबलं.

ताईने समजावून सांगितलं, भराभर, अर्धं लांब्याला, अर्धं गायिकेला. बसून वाजवली तर आजच्या आज प्रश्न सुटतो, असंही म्हणाली. गायिकेने विचारलं की हा काय दवाखान्यात नंबर लावून आलाय का. मग शिंग हवं, ताई म्हणाली, आणि रविवारपर्यंत नवं अंग होणार नाही. गायिका म्हणाली की पोस्टरवर हाच आकार छापलाय. एक उपाय ताईच्या डोळ्यांसमोर होता, पण तो तोंडातून बाहेर यायला तयार नव्हता.

"लाव ना काहीतरी," लांब्या म्हणाला.

"घाण दिसेल रे."

"ताई, हे मला काढतील."

*

कोपऱ्यात फुटकं खोकं होतं. त्याची एक फळी. कारखान्यातून निघताना सवयीने बरोबर घेतलेलं ड्रिल. तिने बास उलटी केली, पॉलिशवर भोक पाडताना श्वास रोखला, फळी मागून स्क्रूने आवळली आणि पट्ट्याचं बटण फळीच्या टोकाला लावलं, मानेच्या मध्यापर्यंत पुढे. पोकळीतून फळी अशी बाहेर आली की मोडलेल्या हाताला कोणीतरी घाईघाईत आधार बांधलाय.

लांब्याने पट्टा घेतला. हात सोडले. दोन्ही. मान जागच्या जागी राहिली.

सुरुवातीला त्याचं कोपर सवयीने खाली जात होतं. ताई दारातून हातवारे करत होती. मग ते जाईनासं झालं. गायिका सबंध गाणं गायली, संपल्यावर बासभोवती फिरून आली. लांब्याने स्वतःचे बूट न्याहाळायला सुरुवात केली.

ताई घाईघाईने म्हणाली की मी आजच घरी नेते, फळीला आकार देते, घासते, रंग जुळवते, कळणारसुद्धा

"ते लाकूड काढलंस तर तुलाही काढेन," गायिका लांब्याला म्हणाली. मग ताईकडे वळली. "आणि तुम्ही हात लावू नका हं. आत्ता कुठे वाजतेय."

लांब्या हसला, मग हसणं आवरून तारा जुळवायला लागला.

पुढचं गाणं सुरू झालं. ताईचं काम संपलं होतं, घरी जायला हरकत नव्हती. फळीची कड तासलेली नव्हती. एक स्क्रू तिरका बसला होता, अर्धा फेरा फिरवला असता तरी पुरे. शेवटच्या रांगेतूनही दिसेल. तिने ड्रिल पिशवीत ठेवलं, पुन्हा काढलं. लांब्या डोळे मिटून वाजवत होता आणि पायाखालची जमीन हलत होती आणि ती त्या स्क्रूकडे बघत होती.