टेबलावरची करडवाडी

मी करडवाडी स्टेशन बोलतोय. दचकू नका, खरं स्टेशन नव्हे. ते कधीच गेलं. त्याची दारं-खिडक्या लोकांनी नेली, छपराचे पत्रे कुणाच्या तरी गोठ्यावर चढले आणि फलाटावर वेडी बाभूळ माजली. मी त्या स्टेशनाचा देखावा. दोन खाटा जोडल्या तर होईल एवढ्या प्लायवूडवर बसवलेला. माझ्या अंगावर फलाट आहे, पाण्याची टाकी आहे, सिग्नल आहे आणि गोल फिरणारी एक छोटी गाडी आहे.

सध्या माझा मुक्काम लातूरला दस्तगीरच्या गोदामात. चार तुकडे करून, विजेच्या जळक्या मोटारींच्या शेजारी, भिंतीला टेकवून ठेवलाय मला. त्याबद्दल माझं गाऱ्हाणं नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, हे वस्तूंना जन्मापासूनच ठाऊक असतं. माझं गाऱ्हाणं चांगुणाबाईंबद्दल आहे. त्या बाईंना स्वतःच्या घरात राहायचं होतं, एवढीच त्यांची मागणी होती. काही काळ ते माझ्या जिवावर जमलंही. पुढे जमलं नाही.

मला घडवलं त्यांच्या नवऱ्यानं, अर्जुनरावांनी. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, सरळमार्गी, जरा हट्टी माणूस. त्यांचे वडील करडवाडीला सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते खटका ओढून ठरवणारे. अर्जुनराव स्टेशनच्या क्वार्टरमध्येच लहानाचे मोठे झाले. मुरुडच्या अंगाला छोट्या रुळांची गाडी धावायची, त्या काळातली ही गोष्ट. मोठी लाईन आली ती दुसरीकडून गेली आणि करडवाडी वाऱ्यावर पडली.

रिटायर झालेली माणसं सकाळी फिरायला जातात, पेपरातल्या चुका काढतात, घरच्यांच्या चहाला नावं ठेवतात. अर्जुनरावांनीही काही दिवस हे सगळं करून पाहिलं. मग एकदा आपल्या दोस्ताला, दस्तगीरला, स्कूटरवर मागं बसवून ते करडवाडीला जाऊन आले. आल्यावर जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लखनची खोली धुऊन काढली. लखन त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला. खोली बंदच असायची. त्या खोलीत माझा जन्म झाला.

रूळ आणि इंजिनाचा सांगाडा तेवढा हैदराबादहून मागवला. बाकी सगळं घरचं. खराट्याच्या काड्यांचे तारेचे खांब झाले. चाळणीनं चाळलेला मुरूम रुळांखाली पसरला. गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गाडीचे डबे झाले. फलाटाच्या टोकाला कडुनिंब हवा होता, तो दस्तगीरनं जळक्या मोटारीतली तांब्याची तार पिळून केला. दस्तगीरचं गंजगोलाई बाजाराच्या मागं मोटार वाइंडिंगचं दुकान; विजेचं सगळं काम त्याच्याकडं. दोन म्हातारे माझ्यावर वाकून बसले की चहावर साय धरायची तरी त्यांना शुद्ध नसायची.

चांगुणाबाई दारात उभ्या राहून बघायच्या.

"ह्या वयात खेळन्या मांडून बसलेत. लोकं नावं ठेवतेत की."

"ठेवू दे. आपल्याला काय बारसं करायचंय?" अर्जुनराव मान वर न करता म्हणायचे.

एक दिवस मात्र त्या आत आल्या. "टाकी चुकली. ह्या अंगाला न्हाई, त्या अंगाला व्हती."

"मी जन्मलो की गं तिथं!"

"जन्मलाव असाल. मी तिथं नवरी हून उतरले. नव्या नवरीला खाली मान घालून बी समदं दिसतंय."

जुना फोटो शोधला. टाकी बाईंच्याच अंगाला निघाली. दस्तगीर इतका हसला की त्याचा चष्मा माझ्या फलाटावर पडला. टाकी उपटून दुसरीकडं बसवली. पहिल्या जागेची भोकं माझ्या अंगावर अजून आहेत. त्या दिवसापासून चांगुणाबाईंसाठी खोलीत एक खुर्ची आली. त्या लसूण सोलत बसायच्या आणि चुका काढायच्या. माझ्या आयुष्यातला तो बरा काळ होता.

मग म्हसोबाचं झालं.

खऱ्या करडवाडीत कडुनिंबाखाली म्हसोबा होता. ड्रायव्हर त्याला शिट्टी दिल्याशिवाय पुढं जात नसत. अर्जुनरावांनी तिथूनच करंगळीच्या नखाएवढा खडा आणला होता. तो त्यांनी माझ्या कडुनिंबाखाली फेविकॉल लावून बसवला आणि त्याला रंग दिला. रंग बसेना. एकदा दिला तर तो भज्यासोबतच्या चटणीसारखा दिसायला लागला, पुसून पुन्हा दिला तर गुलाबी झाला. अर्जुनराव वैतागले. उठले, देवघरातली शेंदराची डबी आणली, शेंदूर तेलात कालवून काडीच्या टोकानं खड्याला लावला.

"बघ दस्तगीर, आता कसा दिसायलाय!"

दस्तगीरनं बघितलं आणि माझ्या अंगावरचा हात हळूच मागं घेतला. तेवढ्यात चांगुणाबाई चहा घेऊन आल्या.

"काय लावलाव त्याला?"

"रंग."

"रंग न्हाई त्यो, शेंदूर हाय. आमुशाच्या दिशी शेंदूर लावलाव आन वर रंग म्हनून सांगताव? आता ह्यो खडा ऱ्हायला का?"

"अगं, देखावा हाय हा!"

"ते तुमाला ठावं. त्याला काय ठावं, देखावा हाय का खरं हाय?"

खरं सांगू? मलाही ते ठाऊक नाही. शेंदूर लागला की देव झाला, असं आमच्याकडं धरतात, आणि एकदा धरलं की ते सोडायची कुणाची छाती होत नाही. दुसऱ्या दिवसापासून खोलीबाहेर चपला निघायला लागल्या. सकाळी खड्यापुढं साखरेचे चार दाणे. संध्याकाळी उदबत्ती, तिच्या धुरानं माझा कडुनिंब काळा पडला. आंघोळीशिवाय मला हात लावायचा नाही. दस्तगीर आपणहून पाळायचा. "आज मटन झालं भाभी, वायर उद्या बघतो," म्हणून दारातूनच परत जायचा. अर्जुनराव कपाळाला हात लावायचे. त्यांच्या अख्ख्या स्टेशनात म्हसोबा हा एकच जण पगारी माणसासारखा रोज ड्यूटीवर, असं म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात अर्जुनराव गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. गाडी फलाटावर उभी होती ती तशीच राहिली.

तेरावं झाल्यावर लखन म्हणाला, "आई, तू एकटी इथं कशी राहशील? चल पुण्याला."

"येईन की. पर म्हसोबाचं कोन करंल? अंगावर शेंदूर हाय त्याच्या. त्याला पारुसा ठिवून आले तर तूच म्हनशील, आईला काही कळना."

लखन एकटाच परत गेला. दिवाळीत तेच बोलणं, संक्रांतीत तेच. दर वेळी म्हसोबा आडवा आला. लखन वाईट मुलगा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज फोन करायचा. एकदा चांगुणाबाई मोरीत घसरल्या, शेजाऱ्यांनी त्याला कळवलं, तर रातोरात गाडी चालवत आला आणि आईचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन बसला. त्याची काळजी खरी होती. खोटी असती तर सगळंच सोपं झालं असतं.

दुपारी घर निवांत झालं की चांगुणाबाई माझ्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या. खड्याशी हळू आवाजात बोलायच्या. "तू हायस म्हनून मी हाय हितं. न्हाईतर कवाच गाडीत घालून नेली असती मला." मग स्वतःशीच हसायच्या. एकदा पुण्याचं सांगत होत्या. "समदं चांगलं हाय तिथं. पर मला कुनी काम सांगना रं. पाव्हनीवानी सोफ्यावर बसून ऱ्हायचं. पाव्हनं कसं, चार दिसांनी घरला जातंय. मी कुठं जाऊ?" त्यांची भक्ती खोटी होती असं कुणी समजू नये. भक्ती खरी होती आणि निमित्तही खरं होतं. दोन्ही एकाच खड्यात बसलं होतं.

लखननं दस्तगीरला गळ घातली. "चाचा, तुम्ही काढा ना तो दगड. तुम्हाला काय त्याचं?"

दस्तगीर कानाला हात लावून म्हणाला, "बेटा, आमच्यात बी कबरीवर एकदा चादर पडली की मंग ते मुर्दं ऱ्हात न्हाई. माझ्या हातानं न्हाई व्हायचं हे."

मग लखननंच मार्ग शोधला. शिकलेलं पोर, हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणारं नव्हे. एका गुरुजींना घेऊन आला. गुरुजींनी मला बघितलं, गाडी बघितली, खडा बघितला आणि हसू दाबलं. म्हणाले, "याची काही प्राणप्रतिष्ठा झालेली नाही. तरी आईंच्या मनाला लागू नये म्हणून उत्तरपूजा करू. गणपतीची करतो ना, तशी. अक्षता टाकायच्या, देव जागेवरून जरासा हलवायचा. हलवला की देवपण गेलं. मग मांजरा नदीत सोडून द्या."

"बघ आई, तुझी अडचणच मिटवली!" लखनचा चेहरा फुलला होता.

मी चांगुणाबाईंकडं बघत होतो. आता बोलतील, मला यायचंच न्हाई म्हणतील, असं वाटलं. त्या बोलल्या नाहीत. जीव लावणाऱ्या मुलाला 'तुझ्याकडं नको' म्हणायला आमच्याकडच्या आईला तोंड नसतं. ते देवाच्या तोंडून म्हणावं लागतं. त्यांचा देव तर विसर्जनाच्या पाटावर बसायच्या तयारीत होता.

त्यांनी निमूट नैवेद्याला पुरण घातलं. नखाएवढ्या देवापुढं केवढं ते ताट! गुरुजींनी मंत्र म्हटले, अक्षता टाकल्या, खडा हलवायला गेले तर हलेना. अर्जुनरावांचं फेविकॉल ते. शेवटी लखननं पेचकस घातला. माझ्या प्लायवूडचा एक टवका घेऊनच खडा निघाला. दुखलं मला.

"झालं," गुरुजी म्हणाले. "आता हा नुसता खडा."

लखननं तो कागदाच्या पुडीत बांधला. चांगुणाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"म्हाराज, दोन अक्षता माझ्या बी डोईवर टाका."

गुरुजींना वाटलं, आशीर्वाद मागतायत. त्यांनी अक्षता टाकल्या, "शतायुषी व्हा," म्हणाले. चांगुणाबाईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि बसल्या जागेवरून जराशा सरकल्या.

"हं. हलले बघ, लखन. आता कुठं बी ने."

"आई पण ना!" लखन हसला आणि गाडी दाराशी लावायला गेला.

त्या पुण्याला गेल्या त्याच आठवड्यात घर भाड्यानं गेलं. दस्तगीरनं मला कापून इथं आणलं. वापरायला नाही, टाकवत नाही म्हणून. तो अधूनमधून पुण्याला फोन लावतो. "बरी हाय," एवढंच पलीकडून ऐकू येतं, आणि मग जेवायला काय केलं होतं ते.

मला वाळवी लागली आहे, माझं फार दिवस राहिलेलं नाही. जाता जाता एक मागतो. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस देवाचं, झाडाचं, मांजराचं निमित्त सांगून जागा सोडत नसेल, तर त्या निमित्तावर तोड काढायला धावू नका. लखननं आईला पुष्कळ विचारलं. कशी राहशील, कोण बघेल, पडलीस तर काय करशील. तुला यायचंय का, एवढं मात्र त्यानं कधी विचारलं नाही. तुम्ही विचारा.