तोंडातल्या टाचण्या

“कोटाला रक्त लागलं नाही ना?” दादाने आधी हे विचारलं.

बहिणीच्या समोरच्या दाताचा टवका उडून टेबलावर पडला होता, ती ओठ दाबून उभी होती, आणि हा गिऱ्हाइकाचा कोट उलटासुलटा करून बघत होता. तिने नकारार्थी मान हलवली. रक्त फारसं आलंच नव्हतं. संताप मात्र मस्तकात गेला होता.

झालं होतं एवढंच, की दुकानाची पाटी नव्याने रंगवायची ठरल्याचं दादाने जाता जाता सांगितलं. पाटीवर लिहायचं होतं, ‘मास्टर आणि चिरंजीव’. दादाच्या या चिरंजीवांना सुईत दोरा ओवायलाही दुसरा माणूस लागायचा. या दुकानात सव्वीस वर्षं कोट शिवले होते ते हिने. ऐकलं तेव्हा नेहमीप्रमाणे तोडायचा दोरा तिच्या दातांत होता. तिने तो असा काही चावला की दोरा राहिला आणि दातच तुटला.

गिऱ्हाइकं तिला ‘मुकी’ म्हणत. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे कुणी काही विचारलं की तिच्याकडून ‘हं’ नाहीतर ‘अंहं’ एवढंच निघे. होता होता सगळ्या गल्लीचा समज झाला, की मास्टरची बहीण मुकी आहे, बिचारी. दादाने तो कधी खोडून काढला नाही. कशाला काढेल? कुणी शिवणीचं कौतुक केलं की तो छाती फुगवून म्हणायचा, “हात आहे आपला!” आणि मागे बसलेली ही टाचण्यांवर दात आवळायची. बोलायचंच म्हटलं तर आधी सात-आठ टाचण्या काढायला हव्यात, तोवर गिऱ्हाईक रस्त्याला लागलेलं असे. आणि सांगणार तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला.

“दोरा दाताने तोडता ना? आणि ही बारीक खाच कशाची?”

“टाचण्या धरते.”

“दाढाही झिजल्यात. राग आला की दात आवळता का?”

“राग नसला की सोडते,” ती म्हणाली, “पण तशी वेळच येत नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “दात जेवायला दिलेत, बाई. ती कात्री नव्हे, पक्कड नव्हे, आणि राग दळायचं जातं तर मुळीच नव्हे. मी आज दात भरून देते, पण सवय तशीच राहिली तर हे भरलेलंही पडेल. कात्री गळ्यात बांधा. टाचण्यांसाठी मनगटावर उशी करा. काम करताना ओठ मिटलेले, पण दात सुटे. विसराल म्हणून समोर लिहून ठेवा.”

तिने सगळं मुकाट केलं. कोटाच्या चिंधीत भुसा भरून मनगटावर उशी बांधली. छोटी कात्री गळ्यात अडकवली. मशीनवर खडूने लिहिलं, ‘दात सुटे’. तरी सव्वीस वर्षांची खोड! टाचणी आपोआप ओठांशी जायची, आणि खडूची अक्षरं दिसली की ओशाळून मनगटावर यायची.

“नखरे!” दादा खेकसला. “बाबांनी जन्मभर दाताने दोरा तोडला.”

“आणि चाळिशीत कवळी बसवली,” ती म्हणाली.

हिच्याकडून उत्तर येतं, तेही लगेच, हे दादाला ठाऊकच नव्हतं. खरं तर तिलाही नव्हतं.

पेंटर आला त्याच दिवशी कोटवाले हेडमास्तर ट्रायलला आले. आरशासमोर वळून वळून बघत म्हणाले, “वा मास्टर! खांदा काय बसवलाय!”

“हात आहे आपला.”

“हात माझा आहे,” मागून आवाज आला.

हेडमास्तर दचकले. “अहो, या बोलतात?”

“बोलते. तोंडात टाचण्या होत्या.” ती उठून पुढे आली. “खांदा मी बसवलाय. अस्तर मी लावलं, काजं मी केली. यानं फक्त माप घेतलं, आणि तेही एका बाहीचं चुकवलं.”

“बाहेरच्या माणसासमोर शोभतं का हे?” दादा दातओठ खात म्हणाला.

“घरच्या माणसाला लोक मुकी म्हणत होते, ते शोभलं तुला?” ती दाराशी गेली. “पेंटरदादा, पाटीवर एक शब्द वाढवा. ‘मास्टर, बहीण आणि चिरंजीव’.”

पेंटरने शिडीवरून दादाकडे बघितलं.

“जागा नाही,” दादा म्हणाला.

पाटी बारा फूट लांब होती.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. पण आला तो रागच, सव्वीस वर्षांचा, आणि गंमत म्हणजे दात सुटेच राहिले. तिने मशीनखालून डबा काढला, चष्मा पिशवीत टाकला. मशीन बाबांचं होतं, त्याला हात लावला नाही. त्याचं मात्र वाईट वाटलं.

“जाशील कुठं? करशील काय?” दादाने विचारलं.

“शिवीन. माझ्या नावानं.”

“बाई, बाहीचं एक बटण राहिलंय,” हेडमास्तर चाचरत म्हणाले.

“मास्टर लावतील. हात आहे त्यांचा.”

चपला घालताना तिने मागे पाहिलं. दादाने बटण कसंबसं टाचलं होतं. कात्रीसाठी तो टेबल चाचपत होता. मोठी कात्री कापडाखाली कुठे ठेवलेली असते, हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो बाहीवर वाकला आणि दोरा तोंडाशी नेला. सगळे दात शाबूत होते त्याचे.

“दातानं तोडू नकोस, दादा,” ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.