जागं होण्याची पातळी

बोटाच्या नखावर ठेवली तर हरवून जाईल एवढीशी चिप — आणि हिला नीट झोपवता यावं म्हणून आपण इतकी वर्षं जागलो, असं चिप घडवणाऱ्या तिच्या मनात आलं. कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रासाठीची ही चिप कोणी बोललं की जागी व्हायची, एरवी निजून राहायची, म्हणजे इवलीशी बॅटरी भरपूर दिवस पुरायची. आता चाचणीसाठी ही चिप आवाज पिऊन टाकणाऱ्या बंद खोलीत होती आणि काचेबाहेर, पडद्यावर, ती किती वीज खाते ते दाखवणारी रेघ सपाट असायला हवी होती. होतीही... मग उठली. कोणीतरी एक वाक्य पुरं करावं तेवढा वेळ वर राहिली — आणि खाली बसली.

"गळती असेल," शेजारचा सहकारी म्हणाला. "बंद भागातूनही वीज झिरपतेच थोडी. जागं होण्याची पातळी वाढव आणि संध्याकाळी फाइल पाठवून दे. उगाच डोकं कशाला शिणवतेस?"

गळती अशी थांबून थांबून बोलत नाही... बोलत? हाच शब्द का सुचावा?

अशीच एक चिप चाचणीसाठी आईच्या कानात होती. काल दुपारी शेंगा सोलता सोलता आई थांबली, आतल्या रिकाम्या खोलीकडे वळून "आले हं" म्हणाली, आत गेली आणि परत येऊन बसली.

"कोणाला गं?"

"तुझे बाबा. चष्मा सापडत नाही म्हणे," आई म्हणाली. "तुला नाही ऐकू आलं?"

बाबांना जाऊन वर्ष होत आलेलं. आणि आई हसत होती, कितीतरी महिन्यांनी... आपण काय केलं, तर मान खाली घालून शेंगा सोलत राहिलो.

पातळीचा आकडा एका घराने वाढवला की बारीक आवाजाला चिप जागी होणार नाही, रेघ सपाट होईल. उद्या तोच आकडा आईच्या कानातही जाईल — आणि आई त्या खोलीकडे बघत बसेल, नुसतीच.

सहकारी चहाला गेला. रेघ पुन्हा उठली. आकडा तसाच ठेवून ती उठली, बंद खोलीत शिरली, दार ओढून घेतलं. आत स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा. ऐकण्याच्या ताणाने कान दुखायला लागले. भीती वाटेल असं वाटलं होतं... पण आत हळूहळू भरत चालला होता तो राग होता, अगदी लहानपणचा — की हाक आईलाच का, मला का नाही.