बूतलीस आणि जागा हात

दवाखान्यात रात्रभर झालेल्या झोपेच्या तपासणीत लस्सादचा श्वास अडकला की पडद्यावरची हृदयाची हिरवी रेघ संथ व्हायची, ठोक्यांमधलं अंतर वाढत जायचं. मग वरची मेंदूची निळी रेघ दचकून जागी व्हायची, आणि लगेच हिरवे ठोके एकमेकांना ढकलत धावत सुटायचे. सकाळी सालिहा फाटलेल्या ओठावर ओला रुमाल दाबून नवऱ्याच्या त्या रेघा बघत होती.

"बघ, बूतलीस बसतो माझ्या लेकाच्या छातीवर," सासू मन्नूबिया म्हणाली. "तो भुताशी झुंजतो, आणि तू मधे तोंड घालतेस."

"रात्री छातीवर हात ठेवून कुराणातल्या आयती म्हणत बस, हे तुम्हीच सांगितलंत ना, उम्मी?"

त्या आयतींपायी सालिहाचे दोन दात पडले होते, एक बरगडी मोडली होती. सकाळी लस्साद म्हणायचा, "मी मारलं? अगं, झोपेत कुणाला काय कळतं!" आणि स्फाक्स शहरातली त्यांची सगळी गल्ली त्याचीच कीव करायची. माहेरी जायची पिशवी तिने कितीदा भरली, कितीदा रिकामी केली. आजारी नवऱ्याला टाकायचं कसं?

डॉक्टर रफीकाबाईंनी रेघांशेजारी रात्रीचं चित्रण लावलं. श्वास अडकला, ठोके उसळले, लस्साद गुदमरून हात झाडत उठला. हात गादीवर आपटले. खाटेशेजारी आयती म्हणत बसलेल्या सालिहाला लागलेसुद्धा नाहीत.

"हा आजार. यावर इलाज आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता पुढचं बघा."

श्वास सुरळीत होता. हिरवी रेघ शांत झाली होती, निळी टक्क जागी. लस्सादने मान वळवून सालिहा कुठे वाकलीय ते पाहिलं. तिचे केस मुठीत धरले आणि तोंड खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. नर्स धावत आली तेव्हा तो डोळे मिटून घोरत होता. निळी रेघ अजून जागीच होती.

"यंत्राला बूतलीस दिसतो होय गं बाई?" मन्नूबिया फणकारली.

"इथे बूतलीस नाही, खाला. इथे तुमचा मुलगा जागा आहे."

मागे बसलेला लस्साद उठला आणि त्याने खुर्ची उचलून भिंतीवर फोडली. "घोरण्याचं औषध मागायला आलो, तर मला गुन्हेगार ठरवते!" त्याने सालिहाचं मनगट पिरगळलं. "चल घरी. तिथे दाखवतो तुला जागा माणूस."

सालिहाने वाकून त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. तो ओरडून मागे सरला. ओठ पुन्हा फुटला होता, हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही.

"मी येत नाही," ती म्हणाली. "मला तलाक हवाय."